ओठावरचा जर आणि रोजची गोळी



ताप उतरला की ओठाच्या कडेला बारीक पाणीदार फोडांचा झुबका उठतो. त्याला आपल्याकडे ओठावर जर आला असे म्हणतात. जुनी माणसे ताप मुतला असेही म्हणतात. आठ-दहा दिवसांत खपली धरते, ती पडते आणि माणूस विसरून जातो. बहुतेकांना वर्षा-दोन वर्षांतून एखादे वेळी असा त्रास होतो आणि त्याबद्दल पान खर्ची घालण्याचे कारण नाही. परंतु काही जणांना तो वर्षातून सहा, आठ, दहा वेळा होतो. एक खपली पडते न पडते तोच दुसरा फोड. चटणी-भाकरी खाता येत नाही, हसले की ओठ चिरतो, आणि बोलणारा माणूस डोळ्यांकडे न पाहता तोंडाकडे पाहतो. अशा काही जणांना शहरातील डॉक्टर रोज एक-दोन गोळ्या महिनोन्महिने घेण्यास सांगतात. फोड नसताना गोळी कशाला, ती जन्मभर घ्यावी लागेल काय, मूत्रपिंडे बिघडतील काय, असे प्रश्न मिस्सा संपल्यावर पुष्कळदा कानी येतात. औषधाची मात्रा ठरविणे हे डॉक्टरांचे काम आहे. पण आपण पोटात काय घेतो व का घेतो, एवढे समजून घेणे आपलेही काम आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. या फोडांना हर्पिस हे नाव आहे असे कोणी वाचले वा ऐकले की लगेच कुजबूज सुरू होते. लग्न ठरलेल्या मुलीच्या ओठावर फोड दिसला म्हणून पाहुण्यांच्या कपाळाला आठ्या पडतात; नवरा बायकोकडे आणि सासू सुनेकडे संशयाने पाहते. हा अन्याय आहे. ओठावर येणारे हे फोड बहुतांशी हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार १ या विषाणूमुळे येतात, आणि तो बहुतेकांना लहानपणीच मिळतो. आजीने, मावशीने, शेजारणीने घेतलेल्या मुक्यातून, एका वाटीतल्या उष्ट्यातून, लाळेतून तो येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतील जगातील जवळजवळ दोन तृतीयांश लोकांच्या अंगी हा विषाणू आहे. म्हणजे रविवारी आपल्या देवळात एका बाकावर सहा जण बसले असतील तर त्यांतील चौघांच्या अंगी तो असण्याचा संभव आहे. त्यांपैकी बहुतेकांना फोड कधी दिसतही नाही. जन्मांध माणसाला पाहून, पाप कोणाचे, असा प्रश्न शिष्यांनी प्रभूला विचारला होता. प्रभूने त्यांना काय उत्तर दिले ते आपणांस ठाऊक आहे. तेच येथेही लागू आहे. जननेंद्रियांवर येणारी हर्पिस बहुधा प्रकार २ ची असते. प्रकार १ तेथेही जाऊ शकतो, हे खरे; पण ओठावरील फोडावरून कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करता येत नाही.

आता हा विषाणू जातो कोठे ते पाहू. ज्यांच्या रानात लव्हाळा आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. वरून खुरपले, रान स्वच्छ दिसले, शेजाऱ्याने वाखाणलेही. पण खाली मातीत लव्हाळ्याच्या गाठी शाबूत असतात. पाऊस पडला, ऊन पडले की पुन्हा हिरवी पाती वर. विषाणूचेही तसेच आहे. पहिल्या वेळी ओठातून शिरल्यावर तो तेथील मज्जातंतूच्या धाग्याने वर चढतो आणि कवटीच्या तळाशी, चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत जाऊन बसतो. तेथे तो मरत नाही आणि वाढतही नाही, निजून राहतो. ताप आला, अंग फार थकले, चिंता लागली, कित्येक स्त्रियांना पाळी जवळ आली, ओठाला इजा झाली किंवा उन्हाने ओठ भाजले, की तो जागा होतो व त्याच धाग्याने खाली उतरतो. म्हणूनच फोड पुन्हापुन्हा बहुधा त्याच जागी उठतो.

ओठावरचे सगळेच दुखणे मात्र हे नव्हे. ओठांचे कोपरे फाटून पांढरे पडतात ते बुरशीने, जीवनसत्त्वांच्या कमतरतेने किंवा सैल कवळीमुळे. त्यावर ही गोळी काहीच करीत नाही. काजूच्या बिया फोडताना टरफलातील तेल बोटांवरून ओठाला लागले तरी कातडी भाजून फोड येतो. त्याचे कारण त्या दिवसाच्या कामातच सापडते. कमरेवर वा छातीवर एका बाजूने पट्टा उठतो ती नागीण. तिचा विषाणू याच कुळातील असला तरी वेगळा आहे, आणि नागिणीची दोन्ही टोके जुळली की माणूस मरतो ही निव्वळ भीती आहे. गुरांच्या लाळ्या-खुरकुताचा तर याच्याशी काडीचाही संबंध नाही. ओठावरचा जर माणसापासून माणसालाच होतो. गाईला दोष देऊ नये. तंबाखू खाणाऱ्यांसाठी मात्र एक गोष्ट ठासून सांगतो. ओठावरची किंवा तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर ती जर म्हणून घरी ठेवू नका. ती कर्करोगाची सुरुवात असू शकते. डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

शेतकऱ्याच्या बाबतीत ऊन हे मोठे कारण आहे. शहरातला माणूस कचेरीत बसतो. आपण भुईमूग काढताना, मिरची तोडताना, ऊस भरताना दिवसभर उन्हात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वारंवार जर येणाऱ्या ३८ जणांच्या ओठांवर ठराविक अतिनील किरण सोडले. साधे मलम लावले तेव्हा त्यांतील ७१ टक्के लोकांना फोड आले; ऊन अडवणारे सनस्क्रीन लावले तेव्हा एकालाही आला नाही. खऱ्या उन्हातल्या चाचण्यांत इतके साफ फळ मिळालेले नाही, हेही सांगितले पाहिजे, कारण शेतातला घाम, पाणी पिणे, पदराने तोंड पुसणे यांत मलम किती टिकणार? तरीही ज्यांना उन्हाच्या कामानंतर हमखास फोड येतो त्यांनी रुंद काठाची टोपी, तोंडावरून पुढे ओढलेला पदर किंवा मुंडाशाचे टोक आणि ओठांना लावण्याचे सनस्क्रीन, दर दोन तासांनी, हा उपाय एक हंगामभर करून पाहावा. त्यात गमावण्यासारखे काही नाही. फोडावर चुना लावण्याची चाल मात्र सोडून द्यावी. चुन्याने विषाणू मरत नाही. कातडी जळते आणि डाग राहतो.

आता औषधाकडे वळू. या विषाणूवरचे मुख्य औषध ॲसायक्लोव्हिर. ते अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या दशकात तयार झाले. त्या कामात अग्रभागी होती गरट्रूड एलियन नावाची बाई. आजोबा कर्करोगाने गेलेले पाहून तिने पंधराव्या वर्षी औषधांचा शोध हेच आपले काम मानले. बाई म्हणून तिला प्रयोगशाळेत सहज जागा मिळेना, डॉक्टरेटही तिला पुरी करता आली नाही. पण १९८८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले त्यांत ती होती. मुलींच्या शिक्षणावर पैसे घालवणे म्हणजे शेजाऱ्याच्या झाडाला पाणी घालणे असे मानणाऱ्या आपल्यातील काही पालकांनी हे लक्षात ठेवावे.

ते औषध काम कसे करते? जपमाळ ओवण्याचा दाखला घेऊ. विषाणूला आपली पिलावळ वाढवायची तर आपल्या बीजाची नक्कल करावी लागते, म्हणजे एकामागून एक ठरलेले मणी ओवून माळ करावी लागते. ॲसायक्लोव्हिर हा त्यांतल्याच एका मण्यासारखा दिसणारा खोटा मणी आहे. तो एकदा ओवला गेला की पुढचा मणी ओवता येत नाही आणि माळ तेथेच तुटते. मग आपल्या शरीराच्या पेशीही नवे बीज करताना फसणार नाहीत काय? नाही, कारण हा मणी बंद डबीत येतो, आणि त्या डबीची किल्ली विषाणू जागा झाला म्हणजे तोच बनवतो. जेथे विषाणू वाढत आहे तेथेच डबी उघडते. उसात फवारलेले काही तणनाशक रुंद पानाच्या तणाला मारते आणि उसाला सोडते, तसेच हे.

याच गोष्टीतून औषधाची मर्यादाही उघड होते. मज्जातंतूच्या गाठीत निजलेला विषाणू माळ ओवीत नाही आणि किल्लीही बनवीत नाही. म्हणून कितीही गोळ्या घेतल्या तरी त्या गाठीतील विषाणूपर्यंत त्यांचा मार लागत नाही. रोजची गोळी म्हणजे पाते वर आले रे आले की खुडणे. खुडणारा बसला की पाती पुन्हा वर येतात. गोळी बंद केल्यावर फोड पुन्हा आला म्हणून औषध खोटे किंवा डॉक्टर लुच्चा, असे समजू नये. ते मुळात एवढ्यासाठीच आहे.

रोज गोळी घेऊन लाभ किती होतो? येथे मी थोडा हिशोब मांडतो, कारण पैसे आपल्या खिशातून जातात. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वर्षातून सहा किंवा अधिक वेळा जर येणाऱ्या लोकांना चार महिने ॲसायक्लोव्हिरची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा दिली आणि चार महिने तशीच दिसणारी खोटी गोळी. कोणती केव्हा हे त्यांना सांगितले नव्हते. चाचणी पुरी करणारे अवघे वीस जण होते. खोट्या गोळीच्या चार महिन्यांत दर माणशी सरासरी १.८ वेळा फोड आले. खऱ्या गोळीच्या चार महिन्यांत ०.८५ वेळा. म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक कमी झाले. हे ऐकायला मोठे वाटते. पण उलट बाजूने मोजा. चार महिन्यांत २४० गोळ्या घेतल्या तेव्हा सरासरी एक फोड टळला. त्याच कुळातील दुसरे औषध व्हॅलासायक्लोव्हिर, ५०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदाच घ्यावे लागते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार महिने ते घेणाऱ्या शंभरांतील साठ जणांना एकही फोड आला नाही. खोटी गोळी घेणाऱ्यांतही अडतीस जणांना आला नव्हताच. जगभरच्या चाचण्या एकत्र ताडून पाहणाऱ्या कॉक्रेन आढाव्यानेही २०१५ साली असाच निर्वाळा दिला, की दीर्घकाळ घेतलेल्या गोळीने जर टळतो खरा, पण मिळणारा फायदा थोडा आहे. फोड नसताना रोज नुसते मलम चोळून तो टाळता येतो असे दिसलेले नाही.

तेव्हा माझे मत असे. ज्याला वर्षातून दोन-तीनदा फोड येतो त्याने ७३० गोळ्यांचे वर्ष अंगावर घेऊ नये. ज्याला महिन्या-दोन महिन्यांनी येतो, मोठा येतो, किंवा दर फोडानंतर हातापायांवर गोल लाल चकत्या उठतात, त्याने डॉक्टरांशी रोजच्या गोळीविषयी बोलावे. गोळी सुरू केल्यावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत फोड आलेल्या दिवशी खूण करावी. सहा महिने किंवा वर्ष झाले की डॉक्टरांना विचारून ती थांबवून पाहावी. कित्येकांचा त्रास वयाप्रमाणे आपोआप कमी होतो, आणि गोळी चालूच ठेवली तर ते कळणारही नाही.

ज्यांना क्वचित येतो त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. फोड उठण्याच्या आधी काही तास त्या जागी मुंग्या येतात, खाज सुटते, जळजळते. ही चाहूल ओळखीची झाली की तेव्हाच गोळी घ्यायची. व्हॅलासायक्लोव्हिर अशा वेळी एका दिवसापुरते, मोठ्या मात्रेत, बारा तासांच्या अंतराने दोनदा देतात. त्याने दुखणे साधारण एक दिवसाने आखूड होते. फोड फुटून खपली धरल्यावर गोळी घेणे म्हणजे कापणी झाल्यावर पाणी सोडणे. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी आधीच घेऊन गोळ्या घरात ठेवाव्यात. मुंग्या रात्री आल्या तर तालुक्याला जाईपर्यंत वेळ निघून जाते. ॲसायक्लोव्हिर जनऔषधी केंद्रात साध्या नावाने स्वस्त मिळते. खोक्यावरचे नाव मोठे असले म्हणून औषध मोठे होत नाही. मात्र दुकानदाराने दिलेले खाजेचे मिश्र मलम ओठावर लावू नका. त्यांत बहुधा स्टिरॉइड असते, आणि त्याने विषाणूला रान मोकळे मिळते.

मूत्रपिंडांची भीती अगदीच खोटी नाही. ही औषधे पुष्कळ वर्षे वापरात आहेत, आणि निरोगी माणसाला डोके दुखणे, मळमळणे याहून अधिक त्रास क्वचितच होतो. पण औषध लघवीवाटे बाहेर पडते. ज्यांची मूत्रपिंडे आधीच कमजोर आहेत, जे फार वृद्ध आहेत, त्यांना मात्रा कमी करावी लागते. नाहीतर औषध अंगात साचून माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागतो. आपल्याकडे आणखी एक जोड आहे. दिवसभर उन्हात काम, पाणी कमी, आणि संध्याकाळी कंबर दुखते म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी. अशा वेळी मूत्रपिंडांवर ताण पडतो. ही गोळी घेणाऱ्याने शेतात जाताना पाण्याची कळशी बरोबर न्यावी, आणि मधुमेह वा रक्तदाब असेल तर आधी रक्ताची क्रिएटिनिन तपासणी करून घ्यावी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी डॉक्टरांस विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि फोड वारंवार येऊन महिना महिना भरत नसेल तर शरीराची प्रतिकारशक्ती का खालावली याचा तपास, एच.आय.व्ही. तपासणीसह, करून घ्यावा. त्यात लाज नाही.

फोड ओला असताना तो इतरांना देऊ नये म्हणून थोडे जपावे लागते. सर्वांत मोठा धोका तान्ह्या बाळाला आहे. पहिल्या काही आठवड्यांत हा विषाणू बाळाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो आणि त्यात बाळ दगावूही शकते. स्नानसंस्काराच्या दिवशी घरभर पाहुणे असतात आणि बाळ हातोहात फिरते. धर्ममाता असो की आजी, ओठावर जर असेल तिने बाळाचा मुका घेऊ नये, आणि यजमानांनी तसे सांगितले तर राग मानू नये. उत्तम शुक्रवारी क्रूसाला ओठ लावण्याऐवजी वाकून वंदन केले तरी भक्ती तितकीच पोहोचते. ज्यांच्या ओठावर फोड आहे त्यांनी त्या वर्षी तसेच करावे. घरात पाण्याचा पेला व टॉवेल वेगळा ठेवावा, फोडाला हात लागला तर साबणाने धुवावा, आणि तोच हात डोळ्याला लावू नये.

डोळ्याविषयी थोडे वेगळे सांगावे लागेल, कारण रोजच्या गोळीचा खरा मोल तेथे आहे. हाच विषाणू बुबुळावर फोड आणतो. डोळा लाल होतो, दुखतो, पाणी येते, उजेड सहन होत नाही, दिसणे धूसर होते. आपण म्हणतो कुसळ गेले असेल, डोळे आले असतील. एकदा बरे होते. पण गाठीतून तो पुन्हा उतरतो, दर खेपेस बुबुळावर पांढरा डाग वाढतो, आणि शेवटी नजर जाते. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असा डोळा एकदा येऊन गेलेल्या ७०३ जणांपैकी निम्म्यांना बारा महिने ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिले. वर्षभरात त्यांतील १९ टक्के लोकांचा डोळा पुन्हा आला. खोटी गोळी घेणाऱ्यांत ३२ टक्के लोकांचा. ओठावरचा एक फोड टाळण्यासाठी २४० गोळ्या हा सौदा महाग वाटेल. डोळा वाचविण्यासाठी तो महाग नाही. ज्यांना नेत्रतज्ज्ञांनी अशी गोळी दिली आहे त्यांनी, आता डोळा चांगला आहे, म्हणून मध्येच ती सोडू नये. आणि एकाच बाजूचा डोळा लाल होऊन दुखू लागला तर घरात उरलेले थेंब किंवा शेजाऱ्याच्या मोतीबिंदूनंतरचे थेंब घालू नयेत. त्यांत स्टिरॉइड असले तर काही दिवसांत बुबुळाला भोक पडू शकते. पेरणी असो की मळणी, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे, आणि आपल्याला ओठावर जर येतो हे त्यांना न विचारताच सांगावे.